कुठला परवा

३ सप्टेंबर, बुधवार

ही डायरी वहिनीने आणून दिली. आमच्याच कंपनीची आहे, गेल्या वर्षी छापलेली, ढीगभर उरल्यात. त्यामुळे वार एकेक दिवस मागे आहेत. पानावरचा मंगळवार खोडून मी बुधवार लिहिला. "वन्सं, मनात येईल ते लिहा, मोकळं वाटेल," ती म्हणाली. मनात काही येतच नाही, ही अडचण आहे. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मग तेच लिहा." लिहिलं.

आई जाऊन महिना होत आला. मी अजून रडलेले नाही. येणारे-जाणारे माझ्याकडे गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे पाहावं तसे पाहतात, की आता उतू जाईल, मग जाईल. दूध फ्रीजमध्ये आहे हे त्यांना कोण सांगणार! दुःख होत नाही असं नाही, काहीच होत नाही. भूक लागत नाही आणि समोर आलं तर सगळं खाल्लं जातं.

दादा रोज दुपारी स्वतः डबा घेऊन येतो. कंपनीचा मालक माणूस, कामाची एवढी धांदल, पण मी जेवेपर्यंत समोरून हलत नाही. आजही म्हणाला, "छोटी, ऑफिसची घाई करू नकोस. अजून महिनाभर घरी थांब. पगाराचं मी बघतो." त्रेचाळीस वर्षांची झाले तरी त्याच्या तोंडी मी छोटीच. आईनंतर आपलं म्हणावं असं दादाच उरलाय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज ऑफिसला गेले. घरात फ्रीजचा आवाज फार मोठा वाटायला लागला होता.

माझ्या खुर्चीवर तीन जणांची जॅकेटं लटकत होती. ती उचलताना सगळ्यांची तारांबळ उडाली. मी मेले असते तर एवढी उडाली नसती. मग प्रत्येकाने येऊन दोन शब्द बोलून घेतले. गुरुजीला शब्द सापडेनात म्हणून त्याने मला नव्या कॉफी मशीनचं कार्य समजावून सांगितलं. गुरुजी म्हणजे आमचा प्रोग्रामर. वय तिशीचं, पण लिफ्टचं बटण दाबतानाही लिफ्ट कशी चालते ते सांगतो, म्हणून गुरुजी.

आम्ही नऊ जण मिळून तीन वर्षं एकच गोष्ट बनवतोय. लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या संस्थांना आमचं सॉफ्टवेअर रोज सकाळी सांगतं, की बाजार बिघडला तर तुम्हाला किती मोठा फटका बसेल. धोका वाढला की पडदा लाल होतो आणि कर्कश आवाज येतो. म्हणून त्याचं घरगुती नाव भोंगा. भोंग्यात खोट काढणं हे माझं काम. लग्नात जेवायला जाऊन मीठ कमी आहे म्हणणाऱ्या बायका असतात, तशी मी ऑफिसात असते, फक्त मला त्याचा पगार मिळतो.

पहिलं गिऱ्हाईक मिळालंय, बस कामगारांचा निवृत्तिफंड. सध्या भोंगा त्यांच्या जुन्या पद्धतीच्या जोडीने नुसता चालवून बघतायत. एक ऑक्टोबरला जुनी पद्धत बंद. मग भोंगा गप्प असेल तर फंड जास्त जोखमीचं घेणार, आणि भोंगा ओरडला तर विकून मोकळा होणार. निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांचं म्हातारपण भोंग्याच्या भरवशावर.

माझ्या रजेत चाचण्या दादाने स्वतः घेतल्या. भोंग्याला गेल्या आठ वर्षांचे जुने भाव दाखवले. बाजार जितक्या वेळा आपटला तितक्या वेळा भोंगा आधीच वाजला. एकदाही चुकला नाही. केक कापून झाला होता, माझ्यासाठी एक तुकडा फ्रीजमध्ये ठेवला होता. कडक झाला होता. खाल्ला.

मला पाहून दादाच्या कपाळाला क्षणभर आठी पडली. मग डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कशाला आलीस? ऐकत नाहीस ना कुणाचं." किती काळजी करतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

दादाने घेतलेल्या चाचण्या पुन्हा बघत बसले. कुणी सांगितलं नव्हतं, पण हातांना काम लागतं.

निकाल फार चांगले आहेत आणि तेच मला खुपतंय. मोठ्या घसरणीच्या बरोब्बर दोन दिवस आधी भोंगा वाजतो. भूकंपाआधी कुत्री भुंकतात म्हणे, पण ही कुत्री तारीख वार सांगून भुंकतायत.

संध्याकाळी दादाने गाडीतून घरी सोडलं. मी म्हटलं, "आकडे जरा जास्तच चांगले आहेत रे."

"तुला वाईट असले तरी त्रास, चांगले असले तरी त्रास." हसला. मग सिग्नल सुटल्यावर म्हणाला, "आणि त्या शेवटच्या दोन ओळींच्या मागे लागू नकोस. त्या मोकळ्याच असतात, त्यात काही नाही."

निकालाच्या तक्त्यातल्या त्या शेवटच्या, अगदी ताज्या दोन दिवसांच्या ओळी मी अजून उघडल्याही नव्हत्या. माझं डोकं पुढे कुठे जाणार हे मला कळायच्या आत दादाला कळतं, लहानपणापासून. लपाछपीत मी कधी जिंकले नाही.

घरात शिरताना सवयीने हाक मारली, "आले गं." उत्तर न आल्याचंही काही वाटलं नाही. चप्पल काढली.

११ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं. नीट लिहून ठेवते.

लांबच्या बाजारांचे भाव आमच्यापर्यंत उशिरा पोचतात. सगळे भाव एकाच दिवसाचे असावेत म्हणून ठरलं होतं, की हिशेब नेहमी दोन दिवस मागच्या भावावर करायचा. मीटिंगमध्ये दादा म्हणाला होता, "परवाचा भाव धरा." गुरुजीने प्रोग्रामची ओळ लिहिली, आणि पुढे वाचणाऱ्या माणसाला कळावं म्हणून शेजारी टीप लिहिली: परवाचा भाव. ओळीत त्याने उणे दोन घातलं. उणे म्हणजे मागे, असं कुणालाही वाटेल. आम्ही वापरतो त्या भाषेत नेमकं उलट आहे. तिथे नुसतं दोन लिहिलं की दोन दिवस मागचा भाव येतो, आणि उणे दोन लिहिलं की दोन दिवस पुढचा.

गुरुजीला माझ्या टेबलापाशी बोलावलं.

"ही टीप वाच."

"परवाचा भाव."

"कुठला परवा?"

"परवा हो ताई. झालेला."

"आता ओळ चालव. अमुक तारखेला कुठला भाव उचलते बघ."

त्याने चालवली. मग चष्मा काढला, पुसला, परत चालवली. "परवाचा," तो म्हणाला. "येणारा."

टीप खोटी नव्हती, तिथेच घोळ झाला. दोघा जणांनी ती ओळ तपासली होती. दोघांनी टीप वाचली, माना डोलावल्या. 'काल' लिहिलेलं असतं आणि 'उद्या' आला असता, तर कुणीतरी ठेचकाळलं असतं. परवा दोन्ही बाजूंना आहे. झालेलाही परवा आणि व्हायचाही परवाच. आपल्याला बोलताना कधी अडत नाही, आलो म्हटलं की मागचा, येतो म्हटलं की पुढचा. 'भाव' या शब्दाला मागचं-पुढचं काही नाही.

जुने भाव दाखवून चाचणी घेताना पुढचे दिवसही हाताशी असतात. भोंगा ते बघून वाजायचा. पेपर फुटलाय आणि मुलगा पहिला आला. पण खऱ्याखुऱ्या आजच्या सकाळी परवा अजून उजाडलेलाच नसतो. तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी मोकळ्या राहतात. भावातला बदल कळला नाही की मोकळ्या जागेत प्रोग्राम शून्य भरतो. शून्य म्हणजे काही बदल नाही, सगळं शांत. म्हणजे फंडात रोज सकाळी जो भोंगा चालतो तो आजचं काहीच बघत नाही. छप्पर कोसळलं तरी तो म्हणणार, ठीक आहे.

गुरुजीच्या तोंडचं पाणी पळालं. "माझी नोकरी जाईल ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं. त्याला धीर द्यायला हवा होता, हे आत्ता लिहिताना सुचतंय.

"म्हणूनच साहेबांनी मला या कामावरून काढून रिपोर्टांवर बसवलं असेल का? जुलैमध्येच? मला वाटलं, काम पसंत नाही पडलं."

मी म्हटलं, नाही रे, दादा सगळ्यांना आलटून पालटून काम देतो. चांगलीच सवय आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दादाला सांगितलं. त्याने केबिनचं दार लावलं. पहिला प्रश्न, "कुणाकुणाला माहितीये?" रास्त प्रश्न आहे. मी, गुरुजी.

मी ओळ दुरुस्त करून सगळी चाचणी परत चालवून नेली होती. उणे काढलं की भोंगा साधारण आहे. फंडाच्या जुन्या पद्धतीहून वाईट नाही, चांगलाही नाही. कुणी पैसे मोजून घ्यावा असं त्यात काही उरत नाही.

निकाल त्याच्यासमोर ठेवला. त्याने ते कागद हातातही घेतले नाहीत. "तीन वर्षं," एवढंच म्हणाला. मग पेनचं टोपण काढत-लावत बसला.

"छोटी, एक ऑक्टोबर होऊ दे. मग पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारू. हळूहळू. आत्ता सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कुलूप लावावं लागेल. नऊ घरं आहेत."

"आणि तोवर फंड?"

"बाजार शांत आहे. महिन्या-दोन महिन्यांत काय होतंय?" मग म्हणाला, "आई गेली. आता तू आणि मी. तू तरी माझ्याविरुद्ध जाऊ नकोस."

मी बरं म्हटलं.

घरी येऊन वाट पाहिली, की आता वाईट वाटेल. भांडी घासली. वाटलं नाही. म्हणजे चूक आहे हे दिसतंय, कुणाचं नुकसान होईल हेही दिसतंय, आणि आतून मात्र कुणी ओरडत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

फंडाच्या मॅडमचा फोन आला. गुंतवणुकीचं सगळं त्याच बघतात. मोकळ्या बाई आहेत, मागे आल्या तेव्हा स्वतःची बिस्किटं स्वतः आणली होती. दादा बाहेर गेला होता म्हणून फोन माझ्याकडे.

"अहो, तुमचा भोंगा एकदाही वाजला नाही अजून. चांगलंच आहे म्हणायचं ना?"

"बाजार शांत आहे," मी म्हटलं.

"तेच म्हटलं. माझे वडील बस चालवायचे, म्हणून मला जरा जास्तच भीती वाटते. हसू नका."

मी हसले नाही. फोन ठेवल्यावर बघते तर हातातला चहा मी पेनांच्या मगात ओतला होता.

संध्याकाळी वहिनी आईचं कपाट आवरायला आली. साड्या घडी करताना ती एकटीच रडत होती, मी खोके भरत होते. मध्येच म्हणाली, "ह्यांचंही काही खरं नाही हो वन्सं. बोलत नाहीत, पण मी बघते ना. जुलैमध्ये तर झोपच उडाली होती. पाठ करून पडायचे आणि 'दोन दिवस, दोन दिवस' असं पुटपुटत राहायचे. मी विचारलं तर म्हणे, काही नाही."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले होते, आता दोनच दिवस समजा. ते ऑगस्टमध्ये. पण दुःखात महिने मागेपुढे होतात. वहिनीला मी दुरुस्त केलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बाजार आपटला. काल दुपारपासून घसरायला लागला, आज सकाळी आणखी. फार मोठं काही नाही, पण फंडाच्या जुन्या पद्धतीने सकाळी सकाळी इशारा दिला. भोंगा गप्प.

मॅडमचा फोन. दादाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि मला खुणेने बोलावून शेजारी बसवलं.

"आमचं जुनं ओरडतंय आणि तुमचं झोपलंय. कुणाचं ऐकू?"

"जुनं घाबरट आहे मॅडम," दादा म्हणाला. आवाज अगदी गोड. "आमचं विचार करून ओरडतं. आणि हे सगळं माझ्या बहिणीने तपासलेलं आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, माझी तर लहानपणीची एकही लबाडी सुटली नाही. आत्ता बसलीये इथेच."

"अरे वा, ताई आहेत? मग असं करा. चाचणीच्या प्रमाणपत्रावर साहेबांची सही आहे, ती मालकाची झाली. ताईंच्या सहीचं एक पाठवा. म्हणजे एक तारखेला मी निर्धास्त."

"परवापर्यंत पाठवतो," दादा म्हणाला.

गुरुजी दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसरी कुठली वेळ असती तर आम्ही दोघं हसलो असतो.

नंतर दादा मला म्हणाला, "एक सही आहे गं. त्यांना वाचायलाही वेळ नसतो." मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, मलाही ठाऊक नाही. त्याने ती हो अशी घेतली.

२१ सप्टेंबर, रविवार

जुलैमध्ये आई टणक होती. जुलैमध्ये तिने पडदे धुतले. डॉक्टर, हॉस्पिटल, काहीच नव्हतं.

मग जुलैमध्ये दोन दिवस कसले?

आणि शेवटच्या दोन ओळी मोकळ्या असतात हे मला सांगायचं त्याला सुचलं कसं, मी त्या उघडायच्या आधी?

२२ सप्टेंबर, सोमवार

मी आज ऑफिसला गेले नाही. दुपारी दादा आला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फाइल.

मी जेवायला बसले. तो नेहमीसारखा समोर. फाइल मीठ-पाण्याच्या मध्ये. अर्धं जेवण झाल्यावर विचारलं, "तुला कधीपासून माहितीये?"

"काय?"

"दादा."

तो खिडकीकडे बघत राहिला. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं.

"जुलै," तो म्हणाला. "तू चाचण्यांना हात लावायच्या आधी मी एकदा चालवून बघितलं होतं, निकाल बघूनच कळलं. मीही थोडंफार शिकलोय गं. एवढं बरोबर कुणी नसतं."

"मग?"

"मग काय! फंडाशी बोलणी चालली होती. आज सांगू, उद्या सांगू. आईला सांगितलं होतं. तिला समजलं काही नाही, पण म्हणाली, छोटीला सांग, ती निस्तरेल. सांगणारच होतो. मग ती पडली."

आई असं म्हणाली होती. मला पत्ता नव्हता. तिचं हे बोलणं त्याने दोन महिने खिशात ठेवलं.

"म्हणजे मला घरी थांब, विश्रांती घे, ते म्हणून," मी म्हटलं. "मी चाचण्या बघू नयेत म्हणून."

"असं बोलू नकोस. ते तुझ्यासाठीही होतं."

तुझ्यासाठीही. माझ्या कामात मला टिंब-स्वल्पविरामापर्यंत बघायची खोड आहे. तो 'तुझ्यासाठी' म्हणाला असता तर ते खोटं ठरलं असतं, पण मी बहुधा सही केली असती. तो खरं बोलला आणि त्या 'ही'त माझ्या वाट्याला जेवढं येत होतं तेवढंच त्याने मला दिलं. पहिल्यांदाच मला दुखलं. अगदी जागा दाखवता येईल असं, बरगड्यांच्या खाली. हातातला घास ताटात ठेवला.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आणि मॅडमना फोन करणार आहे. तुला सांगून करतेय."

त्याला राग येईल असं वाटलं होतं. त्याने माझं ताट माझ्यापुढून उचललं, उरलेलं एका भांड्यात काढलं, डबा धुतला. मग म्हणाला, "गुरुजीचं नाव घेऊ नकोस. परवा हा शब्द माझा होता." फाइल घेऊन गेला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

फोन केला. मॅडमना दोनदा समजावून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं जुनं घाबरट नव्हतं." शुक्रवारी दोघांनाही बोलावलंय, कागद घेऊन. भोंगा आजपासून बंद.

दादाचा फोन नाही. वहिनीचा आला, "वन्सं" एवढंच म्हणून तिने ठेवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

फंडाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, साधं आहे. लोखंडी कपाटं, पायऱ्यांवर झिजलेल्या पट्ट्या. खोलीत मॅडम, त्यांचा वकील आणि आम्ही दोघं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मागची कॉलर दुमडलेली होती. वहिनीने सकाळी पाहिलं नसणार. मी सरळ करायला हात उचलला आणि मग खाली घेतला.

चुकीबद्दल मी सांगितलं. शेवटच्या ओळी दाखवल्या, शून्यं दाखवली, दुरुस्त केलेले निकाल दाखवले. बरं चाललं होतं. मॅडम मन लावून ऐकत होत्या, मधूनच नेमकं विचारत होत्या. मग वकिलाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"साहेबांना ही चूक कधी कळली?"

त्या प्रश्नाचा अर्थ खोलीत सगळ्यांना कळला. नुकतीच कळली असेल तर ती चूक. जुलैत कळली असेल तर फसवणूक. कंपनी दोन्ही वाटांनी बुडणारच. दुसऱ्या वाटेने दादाही बुडतो.

मी चाचणीच्या कामात एकवीस वर्षं काढली. चालवून घेऊ या, कानाडोळा करू या, असं मी कधी म्हटलेलं नाही. त्यावरून माझी थट्टा होते आणि मला ती आवडते.

"मी सांगितलं तेव्हा," मी म्हटलं. "बारा तारखेला. त्याआधी त्याला काही माहीत नव्हतं."

वकिलाने लिहायला घेतलं.

"नाही," दादा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता. "मला जुलैपासून माहीत होतं. हिला मीच लांब ठेवलं होतं. लिहा, जुलै."

वकिलाने खोडलं. खोडण्याचा आवाज ऐकू आला. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"ताई, सोळा तारखेला मला बाजार शांत आहे म्हणालात. आता हे. मग तुम्ही इतका वेळ जे आकडे दाखवलेत, त्यांच्यावर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?"

हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला विचारला असता तर मीही त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला नसता.

"आकड्यांवर ठेवा," दादा म्हणाला. "आकड्यांत ती खोटं बोलत नाही. ती फक्त माझ्यासाठी बोलते."

मला त्या खोलीत बसवेना. पाणी पिऊन येते म्हणून उठले. बाहेर पॅसेजमध्ये पाण्याचं मशीन आहे, त्याचा नळ दाबला आणि मला रडू फुटलं. आईचं, दादाचं, त्या बस चालवणाऱ्या माणसांचं, सगळं एकदम. आवाज आवरेना. एका हाताने नळ धरलेला, ग्लास भरून पाणी माझ्या चपलांवर सांडतंय आणि मी उभी. मागे कुणीतरी बाटली भरायला आलं होतं, फंडाचाच कुणी म्हातारा असावा, जुनी खाकी पँट होती. मी बाजूला व्हायला हवं होतं. बराच वेळ थांबला बिचारा.